वाळ्याची अंडी आणि चौथा मुद्दा

आमच्या घरात देवघर नव्हतं, अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांचे गठ्ठे होते. बाबा पिरंगुटच्या कारखान्यात कामाला जायचे आणि सुट्टीला बाजारात पत्रकं वाटायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. सापांच्या पत्रकातला चौथा मुद्दा असा: ‘वाळा सापात नर नसतो, मादी एकटीच अंडी घालते, असे अडाणी लोक मानतात. हे खोटे आहे.’

हे अडाणी लोक म्हणजे मुळशीतली एकच बाई, शेजारची शेळ्या राखणारी मावशी. लेंडीखताच्या ढिगात गांडुळाएवढे वाळे निघाले की ती सांगायची, “ह्यांच्यात नर न्हाई. समद्या बायाच हायेत.” बाबांनी तिला न विचारताच ते छापलं. ती बाजारात कोंबड्या विकायला बसली की लोक ओरडायचे, “मावशे, बिननवऱ्याचा साप कसा दिला?” तिनं बाजाराला येणंच सोडलं.

मी तेव्हा आठवीत होते. तिच्या ढिगातलं वाळ्याचं एक अंडं, भाताच्या दाण्याहून जरा मोठं, मी बरणीत ओल्या मातीत ठेवलं. पिल्लू निघालं. बरणीच्या तोंडाला फडकं घट्ट बांधलं, मुंग्यांची अंडी खाऊ घातली. दुसरा साप आत कधीच गेला नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात मातीत अंडी दिसली. नुसती अंडी तर कोंबडीही नराशिवाय घालते, म्हणून मी थांबले. त्यातून पिल्लं निघाली, तेव्हाच बरणी बाबांसमोर ठेवली.

“शिरला असेल कुठून तरी नर.”

“फडक्यातून? पुरावा बघायला तुम्हीच शिकवलंत, बाबा.”

“एक मुद्दा मागे घेतला की लोक बाकीचेही खोटे म्हणतील.”

“म्हणून खोटं आपणच वाटायचं?”

“पत्रकं छापून झालीत,” बाबा म्हणाले आणि जेवायला बसले.

बरणी घेऊन मी मावशीकडे गेले. तिनं वाकून बघितलंसुद्धा नाही. “मला काय दावतीस? मला ठावं हाय. तितं बाजारात दाव.”

पुढच्या बाजाराला बरणी समोर ठेवून मी रस्त्याच्या कडेला बसले. बाबा पलीकडच्या टोकाला पत्रकं वाटत होते. त्यांच्याकडून पत्रक घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी थांबवत होते. चौथ्या मुद्द्यावर लाल पेनाने काट मारायची, बाजूला लिहायचं: ‘मावशी खरी, आम्ही चुकलो.’ आणि परत द्यायचं. बाबा बघत होते. मी मान खाली घातली नाही.

दुपारी मावशी कोंबड्यांची पाटी घेऊन आली, माझ्या शेजारी बसली. कुणीतरी सवयीनं ओरडलंच, “मावशे, बिननवऱ्याचा साप कसा दिला?”

“हितं बरणीत हाय,” ती म्हणाली. “ये, बघ की!”