कूलरमध्ये कॅटफिश

मासा आणला तेव्हा तो माझ्या करंगळीएवढा होता. काळी पाठ, पांढरं पोट, शेंदरी शेपूट आणि तोंडाला लांब मिशा. दुकानातले बाकीचे मासे काचेत इकडून तिकडे पळत होते. हा एकटा तळाशी बसून मिशा हलवत माझ्याकडे बघत होता. क्रांती चौकात मी अस्तराचं कापड आणि हूक घ्यायला गेले होते. हूक राहिले, मासा आला.

"मोठा होतो का हो हा?" घरातल्या टाकीचं माप सांगून मी दुकानदाराला विचारलं होतं.

"काँच जित्ती बड़ी, मच्छी उत्तीच बड़ी होती, बाजी. चार फूट की है ना तुमारी? बस, उत्तेमेंच रैता."

मला ते पटलं, कारण मला मासा हवा होता.

चार फुटी काचेची टाकी घरात आधीपासून होती, पण ती सासूबाईंची. देवगाव रंगारीला त्यांची मेंढरं होती. गुडघे गेल्यावर मेंढरं विकली आणि त्या आमच्याकडे राहायला आल्या. मी घरात ब्लाऊज शिवते. सुरुवातीला त्या दारात बसून माझी गिऱ्हाइकं मोजायच्या आणि संध्याकाळी मला आकडा सांगायच्या. शेवटी माझ्या नवऱ्याने कंपनीतल्या एका मित्राकडून जुनी टाकी आणली, त्यात गप्पी आणि मॉली सोडले. सासूबाईंना पुन्हा कळप मिळाला. त्या त्यांना 'बारकी' म्हणायच्या आणि दिवे लागायच्या वेळी काचेला बोट लावून मोजायच्या.

त्यांच्या टाकीत मी माझा कॅटफिश सोडला.

तो वाढायला लागला आणि मला वेडच लागलं. मशीनवर बसले तरी लक्ष टाकीकडे. मी टाकीत हात घातला की तो तळातून सरळ वर यायचा, बोटातला कोळंबीचा तुकडा ओढून घ्यायचा आणि त्याच्या मिशा मनगटाला लागायच्या. गिऱ्हाइकं माप द्यायचं सोडून त्याला बघत उभी राहायची. पण इकडे गप्पी कमी होत होते. आधी वाटलं मरून कुठे अडकले असतील. मग एका दुपारी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तोंड मिटलेलं असताना तो अगदी साधा दिसतो. ते उघडलं आणि एक अख्खा गप्पी आत गेला, बस. ना झटापट, ना पाठलाग. त्याच्या मनात राग नव्हता की काही नव्हतं. जे तोंडात मावेल ते खाणं, एवढाच त्याचा हिशेब.

"राक्षस हाय त्यो," सासूबाई म्हणाल्या. "अन् तू त्याला हातानं चारतीस."

"भरपेट चारते म्हणून तरी बाकीची वाचलीत, आत्या."

"व्हय तर. लांडग्याला चारून कुठं मेंढरं वाचत्यात?"

गप्पी संपले, मॉली उरल्या. नवऱ्याने एकदा जेवताना शांतपणे सांगून टाकलं, "आईची आणखी एक जरी मासोळी गेली तर हा दुकानात परत. मग तू रडलीस तरी ऐकणार नाही."

मी काही रडणारी नाही, पण त्या रात्री राक्षसाला दुप्पट कोळंबी टाकली.

उपाय सासूबाईंनीच काढला. रानात मेंढरं रात्री जाळीच्या वाघुरात कोंडतात, तसं टाकीतही वाघूर लावायचं. मी नायलॉनची जाड जाळी आणली, कडांना दोरी घालून मशीनवर दुहेरी शिलाई मारली आणि टाकीच्या मधोमध काचेपासून काचेपर्यंत ताणून बसवली. वरची कड पाण्याच्या वर बोटभर निघेल एवढी ठेवली. एका बाजूला आता हातभर झालेला राक्षस, दुसऱ्या बाजूला मॉली. सासूबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या हातानं कोळंबी टाकली. तुकडा लांबून फेकला, पण टाकला.

सगळं छान चाललं होतं आणि पाण्याचा दिवस आला.

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी घरात दुसरं काम नसतं. ड्रम, बादल्या, पातेली, कुकर, तांब्ये, सगळं काठोकाठ भरायचं. मी गच्चीवर मोटर आणि पाण्याची टाकी बघत होते. खाली सासूबाई नळी घेऊन फिरत होत्या. त्यांच्या नजरेला एक अर्धवट भरलेलं भांडं दिसलं, चार फुटी काचेचं. पाणी आलेलं असताना कुठलंही भांडं उणं ठेवायचं त्यांच्या हाताला माहीतच नाही.

मी खाली आले तेव्हा नळी टाकीत होती आणि पाणी काठाला टेकलं होतं. म्हणजे वाघुराच्या कडेवर. आणि माझ्यासमोर एक केशरी मॉली त्या कडेवरून निवांत पोहत राक्षसाच्या बाजूला गेली. तिच्यामागून दुसरी.

"आत्या, नळी काढा! नळी!"

"अगं बाई! बारकी गेली की गं तिकडं!"

त्या क्षणी माझं डोकं कसं चाललं, ते मला आजही आवडतं. आधी पाणी उतरवायला हवं होतं, म्हणजे आणखी कोणी ओलांडणार नाही. आणि राक्षसाला बाहेर काढायला हवं होतं. पण ठेवणार कुठे? घरातलं झाडून सगळं भांडं नळाच्या ताज्या, औषधाचा वास येणाऱ्या पाण्यानं भरलेलं. त्याला तर मुरलेलं जुनं पाणी लागतं. इतकं पाणी घरात, आणि त्याच्यासाठी एक बादली नाही.

कोपऱ्यात कूलर होता, थंडीत चादर पांघरून ठेवलेला. मी चादर ओढली, वरचं धड काढून बाजूला ठेवलं आणि खालची प्लॅस्टिकची टाकी मधोमध ओढली. नळी तोंडानं ओढून टाकीतलं पाणी तिच्यात सोडलं. तोंडात आलेलं पाणी थुंकायलाही वेळ नव्हता. एकीकडे वाघुराची कड उघडी पडत होती, दुसरीकडे कूलर भरत होता. नळाचं नवं पाणीही त्यात मिसळलेलं, म्हणून दोन्हीकडे क्लोरीन मारायचं औषध ओतलं.

मग राक्षस. त्याला जाळीनं धरता येत नाही. त्याच्या परांच्या पुढे करवतीसारखा काटा असतो, तो जाळीत रुतला की सुटत नाही. मी मांडणीवरचा अस्तराचा तागा ओढला, दोन हात कापड फाडून भिजवलं.

"आत्या, ते टोक धरा. झोळी करायची."

"म्या? त्याला?"

"तुम्ही धरा, आणखी कोण आहे इथं?"

त्यांनी धरलं. गुडघे दुखतात म्हणणारी बाई स्टुलावर चढली. आम्ही झोळी तळाशी नेली, त्याच्या पोटाखालून सरकवली आणि एकदम वर उचलली. तो असा काही उसळला की आम्ही दोघी डोक्यापासून पायापर्यंत भिजलो. सासूबाई ओरडत होत्या, "सोडू नगं! सोडू नगं, पोरी, दाब!" आणि स्वतः हसत होत्या. मेंढरू धरावं तसा त्यांनी त्याचा मागचा भाग काखेत दाबला. धप्पकन तो कूलरमध्ये पडला, एकदा शेपूट आपटली आणि स्थिर झाला.

मी खाली फरशीवर बसले. मला जोरात ओरडावंसं वाटत होतं. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

सासूबाई मात्र काचेला बोट लावून मोजत होत्या. दुसऱ्यांदा मोजलं. मग माझ्याकडे बघितलं.

"केशरी नाय."

मी वाघूर काढून पाहिलं, फिल्टरमागे पाहिलं, फरशीवर, मशीनखाली. केशरी मॉली नव्हती. ती कुठे होती ते आम्हा दोघींना माहीत होतं.

नवरा पहिली पाळी करून वाळूजच्या कंपनीतून आला, तो दारातच थांबला. घरभर पाणी, उघडा कूलर, त्यात मासा.

"काय झालं? किती राहिल्या?"

"समदी हायत," सासूबाई पटकन म्हणाल्या. "नळी म्या घातली व्हती. त्याचा काय दोष नाय."

मला आयुष्यात त्यांच्याकडून मिळालेली सर्वात मोठी भेट ती. पण खोट्यावर मासा ठेवून काय करू?

"एक गेली," मी म्हणाले. "केशरी."

नवऱ्याने फोन काढला आणि दुकानदाराला लावला. मी कूलरपाशी उभी राहिले. फोन स्पीकरवर होता, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"कित्ता बड़ा हो गया भाईजान?"

नवऱ्याने कूलरमध्ये डोकावून हात पसरून अंदाज घेतला आणि सांगितला.

"अरे बाप रे! इत्ता बड़ा मैं किधर रखूँ? मेरे पास काँचच नहीं उत्ती. नक्को भाईजान."

फोन बंद झाला. माशाने वळायचा प्रयत्न केला, नाक एका भिंतीला, शेपूट दुसऱ्या भिंतीला, आणि तो तसाच वाकडा राहिला.

"ह्याला तर वळायला पण जागा नाही," नवरा म्हणाला. कंपनीत तो फिटर आहे. कुठलीही वस्तू तिच्या जागेत बसत नसली की त्याला चैन पडत नाही. तो वाकून कूलरची रुंदी वितीनं मोजू लागला. "काचेत तरी कुठं वळत होता? गच्चीवर ती पाण्याची जुनी काळी टाकी पडलीय ना, तोंड फुटलेली?"

"आहे."

"वरचा भाग कापला तर?"

"माणसाला पाणी नाय, अन् ह्याला एवढी टाकी?" असं म्हणायचं काम खरं तर त्याचं होतं. ते सासूबाईंनी केलं. पण म्हणता म्हणताच त्या पदर खोचून उठल्या होत्या.

"त्याचं काढलेलं पाणी फरशीला आणि कढीपत्त्याला वापरीन," मी म्हणाले. "एक थेंब वाया जाणार नाही."

नवरा कपडे न बदलता गच्चीवर गेला. कटर लावला तेव्हा शेजारणी दारात आल्या. "भाभी, क्या कट रा?" समोरच्या घरातून विचारलं गेलं. "मच्छी का मकान!" मी ओरडले. टाकी दोराने खाली सोडली, मागच्या अंगणात ठेवली, धार लागू नये म्हणून तिच्या कडेला मी जुन्या नळीची पट्टी बसवली. साठवलेल्या पाण्याला औषध घातलं, काचेतलं जुनं पाणी मिसळलं, पंप लावला आणि नीट वेळ जाऊ दिला. घाई मी मासा विकत घेताना केली होती, आता करणार नव्हते.

मग पुन्हा झोळी. या वेळी एक टोक नवऱ्यानं धरलं आणि सासूबाई हुकूम सोडत राहिल्या.

तो पाण्यात गेला, तळाला टेकला, थोडा वेळ हललाच नाही. मग मिशा पुढे केल्या, भिंत चाचपली आणि निघाला. सावकाश, भिंतीला धरून, पूर्ण गोल फिरला. शेपूट कुठेही न घासता. पुन्हा फिरला. मग वेग घेतला, पाण्यावर लाट उठली आणि आम्ही तिघं कडेवर हात ठेवून वाकलो.

"बघ बघ, पळतंय!" सासूबाई म्हणाल्या. "एकटंच पळतंय कसं."

"एकटाच राहणार," मी म्हणाले.

"व्हय, राहू दे. पर उद्या त्याला कोळंबी जास्तीची आण. पळून भूक लागंल."