रात्रभर पाइपात बसलेलं पाणी

लाँड्रीच्या खोलीत मी कपड्यांच्या घड्या करत होते आणि भिंतीपलीकडे बिल्डिंगचे मालक आणि मॅनेजर भांडत होते. ड्रायर फिरत असला की आपलं कुणाला ऐकू जात नाही, असं माणसांना वाटतं.

"रवींद्रसाहेब, कंपाउंडातले पाइप जुने आहेत. शिसं आहे त्यात. पोरं पितात ते पाणी. उकरून फेका."

"दिगंबर, तू मॅनेजर आहेस की मालक?"

"मॅनेजर आहे म्हणूनच सांगून राहिलो. नळाचं काही झालं की लोक माझं दार वाजवतात, तुमचं नाही."

"टेस्ट करायचीच आहे ना? रिपोर्ट वाईट आला तर लगेच खोदतो. शब्द देतो. चांगला आला तर हा विषय बंद."

"लिहून द्या."

"मराठी माणसाच्या शब्दावर विश्वास नाही तुझा?"

"मराठी माणूस आहात म्हणूनच म्हणतो, लिहून द्या."

मला हसू आलं. हसण्यासारखं तेवढंच होतं.

दिगंबर खानझोडे आमच्या अपार्टमेंटचा मॅनेजर. नागपूरचा. इकडे ट्रॉय शहरात गाड्यांच्या कारखान्यात मोठा इंजिनियर होता म्हणतात. ती नोकरी गेली, बायको दूर कॅरी गावी लेकीकडे गेली ती तिकडेच रमली, आणि हा आमच्या ऑफिसात किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसला. कुणाचं सिंक तुंबलं, कुणाचा हीटर बंद पडला, "या मावशी, बसा मावशी" करत यायचा. चहा मात्र पाणी नीट उकळल्याशिवाय घ्यायचा नाही. मी म्हणायची, "अरे, घरी बायकोपुढे चालायचे का हे नखरे?" तर म्हणायचा, "म्हणून तर गेली."

टेस्टसाठी त्याने घरोघर बाटल्या दिल्या. नियम सोपा. रात्री नळ बंद करायचा, सकाळी उघडला की पहिलं पाणी बाटलीत धरायचं. पाइपात रात्रभर बसलेल्या पाण्यातच शिसं उतरतं. कागद इंग्रजीत होता. तरण्या पोरांनी वाचला, 'ओके ओके' म्हणाली आणि बाटली किचनच्या ओट्यावर ठेवून झोपली. सकाळी आधी उठतं कोण? इथे परदेशात प्रत्येक घरात कुणाची तरी आई देशातून आलेली, नाहीतर सासू.

रिपोर्ट आला. पाणी उत्तम. रवींद्रसाहेबांनी पेढे नाही वाटले एवढंच. दिगंबर कागद उलटा-सुलटा करून बघायचा. "असं कसं होईल मावशी? पाइप माझ्या डोळ्यांनी पाहिलेत." पण शब्द दिला होता तसा विषय बंद झाला.

पुढे हिमानीची लेक रुही. आमच्या वरच्या मजल्यावरची, दीड वर्षाची, गालांवर खळ्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर शिसं निघालं, आणि बरंच. दवाखान्यातल्या बाईने विचारलं, हळद कुठली वापरता, काजळ लावता का. त्यातही शिसं असतं म्हणे. झालं. हिमानीने सासूने आणलेली हळद, मसाला, घरचं काजळ, सगळं कचऱ्यात टाकलं. सासूबाई म्हणजे सुवर्णाताई, माझ्या बरोबरीच्या. माझ्याकडे येऊन डोळे पुसायच्या. "तीस वर्षं घातलं हो हेच काजळ पोरांना."

दिगंबर तेव्हा आमच्याकडेच होता, नळाचा वॉशर बदलत. हातातला पाना खाली ठेवून त्याने विचारलं, "काकू, टेस्टची बाटली तुमच्या घरी कुणी भरली?"

"मीच. चांगली भरली हो. आधी नळ सोडला, पाणी नितळ, थंडगार येऊ दिलं, मग भरली. बाहेरच्या माणसाला द्यायचं, शिळं पाणी कसं द्यायचं?"

"आणि ते आधीचं पाणी? सोडून दिलं?"

"वाया कशाला घालवायचं? पातेल्यात धरते मी रोज. रुहीच्या पेजेला."

दिगंबर खाली बसला. तसाच, फरशीवर. सुवर्णाताई विचारत राहिल्या, "का? काय झालं? अहो, मी उकळून घेते." उकळून शिसं जात नाही, आणि ते पेजेतून रोज रुहीच्या पोटात जात होतं. आजवर त्यांना ते नीट कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. देव करो आणि कुणी सांगू नये.

तो घरोघर फिरला. दहातल्या आठ घरी हाच प्रकार. पाहुण्यापुढे ठेवायचं तसं निवडून पाणी दिलं होतं सगळ्यांनी. तो मालकाकडे गेला. मालक म्हणाले, "डॉक्टर हळदीचं बोलले ना? मग पाइप कशाला मध्ये आणतोस?" शेवटी दिगंबरने सरकारी ऑफिसात स्वतः फोन केला, तेव्हा कुठे टेस्ट पुन्हा करायचा हुकूम आला. त्याबरोबर दिगंबरची नोकरीही गेली. महिना संपेपर्यंत काम कर म्हणाले.

आणि बिल्डिंगमध्ये बोलणं पसरलं. कुणी पसरवलं ते काय सांगायचं! खोदकाम निघालं तर सगळ्यांना घरं सोडावी लागतील, लीज पुन्हा मिळणार नाही. इथली शाळा चांगली, म्हणून तर सगळे इथे दाटीवाटीने राहिलेले. हिमानीचं बिऱ्हाड तेवढं गेलं.

या खेपेला कागद मराठीत होता. दिगंबरने स्वतः लिहिलेला, मोठ्या अक्षरात, आयांसाठी. या खेपेला बाटल्या आयांनी नाही भरल्या.

आमच्याकडे कादंबरी उठली, माझी सून. तिने नळ सोडला आणि फोन बघत उभी राहिली. पाणी वाहतंय, वाहतंय.

"अगं, पहिलं पाणी धरायचं ना?"

"आई, प्लीज. मुलांची शाळा बदलायची आहे का तुम्हाला? आपण फिल्टरचंच पितो."

"खालच्या त्या नव्या बाळंतिणीकडे कुठे आहे फिल्टर?"

"तिने घ्यावा." तिने बाटली भरली, झाकण लावलं. माझा मुलगा मोजे शोधत होता, त्याने मान वर केली नाही.

बेल वाजली. दिगंबर दारात. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, हातात निळी बर्फपेटी. त्याचा तो शेवटचा दिवस, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"नमस्कार मावशी. बाटली तयार?"

कादंबरीने दिली. त्याने ती हातात धरली, नेहमीपेक्षा थोडी जास्त वेळ. रात्रभर पाइपात बसलेलं पाणी खोलीसारखं कोमट असतं. ही बाटली गार होती.

"पहिलं पाणी ना, वहिनी?"

"हो दादा."

"किती वाजता भरली?"

तिने वेळ सांगितली. त्याने चिठ्ठीवर लिहिली, तिची सही घेतली, चिठ्ठी बाटलीला सरळ चिकटवली, अंगठ्याने कोपरे दाबले. मी म्हटलं, "चहा ठेवू का रे?"

"नको मावशी. दुपारच्या आत लॅबला पोचवायच्या असतात."

बाटली पेटीत ठेवून त्याने झाकण लावलं, आणि शेजारचं दार वाजवलं.