दरंदले साहेबांची रेषा

नगरच्या एमआयडीसीत उत्तमरावांच्या कारखान्यात सिरॅमिकची नोझल बनत. वाळूचा फवारा मारणाऱ्या यंत्राला ती लागतात. पोलादी नोझल बघता बघता झिजतं, हे टिकतं. बनवायची रीत ऐकायला सोपी. पिठासारखी पावडर ग्रॅफाइटच्या साच्यात भरायची, साचा भट्टीत पांढराफटक होईस्तोवर तापवायचा आणि वरून दट्ट्याने दाबत राहायचं. कणांमधल्या पोकळ्या बुजत जातात, तुकडा घट्ट होतो. कुठवर तापवायचं, किती जोराने, किती वेळ दाबायचं, हे ज्याला आधी सांगता येतं तो साहेब. बाकीच्यांनी दाबायचं.

पंधरा वर्षं हे सांगणारे एकच होते. श्रीमंत दरंदले, मूळ घोडेगावचे. वडील तिथल्या जनावरांच्या बाजारात दलाल. तिथे सौदा रुमालाखाली बोटं दाबून होतो आणि जाणत्याने बाजूला उभं राहून नुसत्या चेहऱ्यांवरून भाव ओळखायचा असतो. विचारलं की माणूस कच्चा ठरला. श्रीमंत पुढे इंजिनियर झाले, पण ही शिकवण त्यांनी सोडली नाही. ते कधी कुणाला काही विचारत नसत.

प्रेसच्या शेजारी, भिंतीवर, काचेच्या चौकटीत त्यांचा आलेख टांगलेला होता. आडवा वेळ, उभा घट्टपणा. रेषा आधी झपाट्याने चढायची आणि मग दमल्यासारखी आडवी व्हायची. खाली समीकरण. त्याचा मराठीत अर्थ एवढाच, की जेवढी पोकळी उरली असेल तेवढाच ती बुजण्याचा वेग. हे त्यांनी तुकडे कापून, पाण्यात तोलून, स्वतःच्या अकलेने बसवलं होतं आणि ते चांगलं होतं. खंडेनवमीला प्रेस चालवणारा बन्सी यंत्राची पूजा करी तेव्हा चौकटीलाही हार घाली. कुंकवाचं बोट नेमकं शंभर टक्क्यांच्या रेघेवर पडे. दरंदले त्या दिवशी लांबच उभे राहत, पण चौकट दिसेल एवढेच लांब.

शहाण्णव साली अश्विनी भिंगारदिवे आली. राहुरीची, वडील कृषी विद्यापीठात प्रयोगशाळेत. पुण्याहून एम.टेक. करून आलेली. तिच्याबरोबर एक कॉम्प्युटर आला, आणि कॉम्प्युटरला उकडतं म्हणून एक एसी आला. दरंदले पंधरा वर्षं भट्टीशेजारी घामाघूम होत होते. त्यांना उकडतं, हे कंपनीच्या लक्षात आलं नव्हतं.

तिने दट्ट्यावर एक डायल बसवला. दट्ट्या केसाएवढा हलला तरी सुई फिरायची. पावडर दबताना तिची उंची क्षणाक्षणाला किती घटते, ते त्यावरून कळतं, आणि उंचीवरून घट्टपणा. तिचं म्हणणं, एका समीकरणाने भागत नाही. आधी कण नुसते सरकून जागा करून घेतात, मग तापून एकमेकांत रुतत जातात, पुढे कणच मोठे होतात आणि सगळं मंदावतं. प्रत्येक टप्प्याचं गणित वेगळं.

"मॅडम, हे झकास," उत्तमराव म्हणाले.

दरंदल्यांना झकासचं काही वाटलं नाही, ते मॅडमचं वाटलं. त्यांना मालक पंधरा वर्षं 'श्रीमंत' म्हणत आले होते. त्या दिवसापासून ते बारीक लक्ष ठेवू लागले. तिच्या चहाला बशी असते. तिची खुर्ची फिरते. बन्सी तिला "बाई, जेवला का?" विचारतो.

घरी सुमनबाईंपुढे विषय निघालाच.

"अहो, पोरगी आहे ती. आपल्या शुभांगीएवढी."

"आपल्या शुभांगीला कोण समीकरण विचारतंय?"

"तुम्हाला तरी कोण विचारत होतं? तुम्हीच सांगत होतात."

दरंदल्यांनी भाकरी अर्धी ठेवली.

दिवाळीनंतर नवी पावडर आली, जास्त बारीक. जुन्या रेषेप्रमाणे दाबलेली नोझल कच्ची निघू लागली. उत्तमरावांनी दोघांना बोलावलं. "शनिवारी दोघंही आपापलं गणित घेऊन या. ज्याची रेषा डायलशी जुळेल ती भिंतीवर."

म्हणजे चौकट. दरंदल्यांना त्या रात्री झोप लागली नाही, असं सुमनबाई सांगतात.

गुरुवारी अश्विनी राहुरीला गेली होती. प्रेस चालू होती. दरंदले सहज आल्यासारखे आले आणि डायलपुढे स्टूल ओढून बसले.

"बाईंचंच काम चाललंय ना?"

"व्हय सायेब. त्यांनी सांगून ठिवलंय तसं. आज काय हाय, की आत..."

"माहीत आहे मला."

बन्सी भट्टीकडे वळला.

भट्टी तापत गेली तशी सुई फिरू लागली, पण उलटी. दरंदले पुढे झुकले. पावडर दबतेय तर दट्ट्या खाली यायला हवा, आणि सुई सांगतेय वर चाललाय. मग त्यांच्या चेहऱ्यावर, बन्सीच्या म्हणण्याप्रमाणे, पोरगं झाल्याचा आनंद पसरला. बाईने डायल उलटा बसवलाय! एम.टेक.! त्यांनी सगळे आकडे टिपले, उणे चिन्ह खोडून अधिक केलं आणि घरी जाऊन गणिताला बसले. रेषा आधी झपाट्याने चढत होती आणि मग आडवी होत होती, अगदी त्यांच्या जुन्या रेषेसारखी. समीकरणात दोन स्थिरांक वाढवल्यावर एकही ठिपका रेषेबाहेर राहिला नाही.

शनिवारी उत्तमरावांच्या केबिनमध्ये त्यांनी आलेखाचा कागद उलगडला. डायलची माहिती द्यायला बन्सीलाही बोलावलं होतं.

"आधी एक चूक दुरुस्त करतो," दरंदले म्हणाले. आवाजात मोठ्या माणसाची माया होती. "डायल उलटा बसवलाय. होतं असं, नवीन माणसाकडून. चिन्ह बदललं की सगळं जुळतं. शेवटचा घट्टपणा नव्व्याण्णव टक्के."

अश्विनी कागदावर वाकली. "कुठल्या दिवशीचे आकडे, सर?"

"गुरुवारचे."

ती बन्सीकडे बघायला लागली. बन्सी छताकडे.

"सायेब," तो शेवटी म्हणाला, "गुरवारी आत पावडर न्हवती. आधी दाबलेला पक्का तुकडाच ठिवला हुता. साचा न् दट्ट्या तापून किती फुगत्यात, तेवढंच बघायचं हुतं. बाई म्हनल्या, ते फुगणं हिशोबातनं काढल्याबिगर खरा आकडा कळत न्हाई."

"मग सांगायचं नाही?"

"सांगाया लागलो हुतो. तुमी म्हनला, म्हाईत हाय."

उत्तमरावांनी चष्मा काढला. "म्हणजे श्रीमंत, जे आधीच घट्ट होतं ते तुम्ही नव्व्याण्णव टक्के घट्ट करून दाखवलंत."

अश्विनी हसली असती तर बरं झालं असतं. हसणाऱ्याचा राग धरता येतो. ती मात्र कागदावर बोट फिरवत राहिली. "सर, हे फुगणं मला नीट बसवता येत नव्हतं. शेवटाला माझी रेषा सुटायची. तुमची कुठेच सुटत नाही. चिन्ह परत फिरवलं की झालं. देता का मला?"

नाही म्हणायला दरंदल्यांना कारण सापडेना. ते शोधत होते, हे सगळ्यांना दिसत होतं.

तिचं गणित जुळलं. नोझल पक्की निघू लागली. डायलच्या आकड्यातून आधी दरंदले वजा होतात, मग उरलेल्यावर अश्विनीची समीकरणं चालतात, असा तिचा कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम चालतो. चौकटीतला जुना कागद दरंदल्यांनी स्वतः काढला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. नवीन कागदावर वर अश्विनीचं नाव, खाली तिनेच हट्टाने छापलेली ओळ: 'प्रसरण-दुरुस्ती: श्री. श्रीमंत दरंदले.' ते नाव पहिल्यांदा वाचताना दरंदल्यांनी अक्षरांची उंची पट्टीने मोजली. खालची लहान होती.

पुढच्या खंडेनवमीला ते लांब उभे राहिले नाहीत. बन्सीने हार घातला, बोट कुंकवात बुडवलं आणि काचेवर खालच्या ओळीपाशी नेलं. टिळ्याखाली ती अख्खी झाकली गेली असती.

"बन्सी, जरा वर लाव."

"वर बाईंचं नाव हाय, सायेब."

"म्हणूनच सांगतोय."