अनसिंगच्या डोंगरापलीकडचं पाणी

शाळेला नाताळची सुट्टी लागली की बाकीचे मास्तर नातेवाईक गाठतात, मी डोंगर गाठतो. घरच्यांनी यावर बोलणं कधीच सोडून दिलंय. यंदा अनसिंगपलीकडचं रान ठरवलं. पिशवीत भाकरी, ठेचा आणि माझा फिरकीचा तांब्या. केनवडला दिलेल्या लेकीकडे, सुमतीकडे, जातानाही हाच तांब्या सोबत असतो.

लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, म्हणून वाशिमची मोटार सध्या कोळशावर चालते. चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायची. तिकीट मात्र पूर्ण. जाणाऱ्यांनी घोंगडी जरूर न्यावी, सकाळचं वारं फार बोचतं.

अनसिंगला सखारामजी भेटले. पन्नाशी उलटलेले, स्वतःच्या मळ्यात भाजीपाला पिकवणारे. डोक्यावर वांग्यांची टोपली, खांद्याला वाळक्या भोपळ्याचा तुंबा. डोंगरापलीकडे लेकीकडे निघाले होते, मग आम्ही बरोबरच चालू लागलो.

तुरीची शेतं संपली की साग सुरू होतो. वाळलेली पानं पायाखाली इतकी वाजतात की बोलणं ऐकू येत नाही. वाटेत बोरी लगडल्या होत्या. चढ फार नाही, पण मुरमावरून पाय घसरतो, काठी हवी. माथ्यावर धाप टाकत बसलो, तेव्हा दोन्हीकडची शिवारं दिसत होती. सुरेख दिसत होती, एवढंच म्हणतो.

माथ्याखाली बारीक झरा आहे. सखारामजींनी तिथे तुंबा काठोकाठ भरला.

"गाव तर समोरच दिसतंय, मग एवढं पाणी कशाला?" मी विचारलं.

"लेकीले लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं पानी पेत नसते, मास्तर. तुमी नाई पाळत?"

"पाळतो," मी म्हणालो.

"लग्नाले आठ सालं झाले. मी तुंबा घेऊन गल्लीत शिरलो का बाया एकमेकींले खुनावतात. आता इहीनबाई दुसरी सून पाहून राह्यल्या." एवढं बोलून त्यांनी टोपली उचलली.

उतार संपवून गावात शिरलो. ओसरीवर विहीणबाई आणि शेजारच्या दोघी तूर निवडत होत्या. लेक यमुना बाहेर आली, बापाच्या पाया पडली. पाय धुवायला दोघांनाही पाणी दिलं, प्यायला तांब्या आणला तो फक्त माझ्यासाठी. शेजारणींची नजर तुंब्यावरच होती.

सखारामजी उठले. अंगणातल्या वालाच्या आळ्यात त्यांनी तुंबा उपडा केला. पूर्ण रिकामा होईपर्यंत तसाच धरला आणि मग येऊन बसले.

"यमुने, मले पानी दे."

ती जागची हलेना.

"काहून जी?" विहीणबाई म्हणाल्या. "आता तर भरेल होता नं तुंबा."

"आता नाई. माह्या लेकीचं घर हाये, मी तिच्या हातचं पानी पेईन."

यमुनेनं पाणी आणलं. सखारामजी सावकाश प्यायले, आणखी मागितलं, तेही प्यायले. मग टोपली पुढे सरकवून म्हणाले, "जेवूनच जाईन. वांगे तूच कर."

विहीणबाई मान खाली घालून तूर निवडत राहिल्या. मला त्या माणसाचा हेवा वाटला. तिखट रस्सा आणि ज्वारीची भाकरी खाऊन, ऊन कलायच्या आत आम्ही परत डोंगर चढलो. दुसऱ्या सुनेचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

हिवाळ्यात एका दिवसात होणारी ही वाट आहे, धडधाकट माणसानं जरूर करावी. माझे पाय दोन दिवस दुखले, मग विसरलो. रविवारी आम्ही दोघं केनवडला निघालो. बायकोनं सवयीनं फिरकीचा तांब्या भरून दाराशी ठेवला होता. सुमतीच्या लग्नालाही आता पाच वर्षं होतील.

"राहू दे तो," मी म्हणालो.

"आणि पाणी?"

"सुमी देईल."

बायकोनं तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि दाराला कडी लावली.