छत्रीत वाळलेल्या मिरच्या

छत्री मोठी घ्यायची, हा निर्णय सर्वस्वी माझा होता. त्यानंतर घरात कुणी मला निर्णय विचारलेला नाही.

छत्री म्हणजे पावसातली नव्हे, टीव्हीची. दोन हजार सालानंतरचा काळ. गच्चीवर पत्र्याची ताटली बसवायची, टीव्हीशेजारी एक डबडं ठेवायचं, की सरकारी चॅनेलं फुकटात आणि आरशासारखी स्वच्छ दिसतात, अशी तेव्हा गल्लोगल्ली हवा होती. आमच्या मंगळवार पेठेत बाकी सगळ्यांना केबल होती. आम्हालाही होती. पण मॅच रंगात आली की ती जायची, म्हणून एकदा मी केबलवाल्याला भर चौकात सुनावलं, "काढून ने तुझी वायर. मी भूगोलाचा मास्तर हाय. सिग्नल कुठल्या दिशेनं येतो ते मला कळतं." एरवी चार-चार दिवस न फिरकणारा तो माणूस तासाभरात येऊन वायर गुंडाळून घेऊन गेला.

ते तसंच चाललं असतं. पण आण्णा टीव्हीवर यायचे ठरले.

आण्णा म्हणजे माझे वडील. पेठेत आमचा म्हशींचा गोठा. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटवून, शिंगं रंगवून पळवतात, ते ठाऊक असेलच. आण्णा पुढं फटफटीवर आणि त्यांची लाडकी सुंदरी मागं शेपटी उभारून पळतीय, हे बघायला गल्ली लोटायची. ते कुणीतरी टीव्हीवाल्यांच्या कानावर घातलं आणि शेतीच्या कार्यक्रमासाठी कॅमेरा घेऊन माणसं थेट गोठ्यात आली. मी त्या वेळी शाळेत होतो. संध्याकाळी आलो तर आण्णा अजून इस्त्रीच्या सदऱ्यातच.

"तुझंबी नाव घेतलंय मी," ते म्हणाले.

"माझं? काय म्हणालात?"

"टीव्हीत बघशील की."

दुसऱ्या दिवशी मी अख्ख्या स्टाफरूमला सांगून टाकलं. (हेडसरांना दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्यांनी मान वर केली नव्हती.)

पण आण्णांचा जीव अडकला होता तो निराळ्याच गोष्टीत. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमची आत्ती, जयसिंगपूरला दिलेली. भांड्यांचं मोठं दुकान, गादीवर बसून धंदा. ती माहेरी आली की नाकाला पदर लावून म्हणायची, "दादा, शहरात राहून जलमभर शेणातच हात घातलास की रे." आण्णा हसण्यावारी न्यायचे, पण त्या दिवशी एक भाकरी कमी खायचे. आता त्यांनी तिला फोन केला, "गुरुवारी संध्याकाळी ये. दाजींना पण घेऊन ये. एकदाच दाखवणार हायत." फोन ठेवून ते मला म्हणाले, "तिनं मला एकदा टीव्हीत बघू दे. मग काय बी म्हणू दे."

मी म्हणालो, शेजारी जाऊन बघू. आण्णा भडकले. "आपल्या दावणीची म्हैस बघायला दुसऱ्याच्या उंबऱ्यावर जायचं व्हय?"

मग छत्रीशिवाय गत्यंतर उरलं नाही.

घरात सल्ल्याला तोटा नव्हता. आण्णा म्हणाले, उंचावर बसव. बायको म्हणाली, स्वस्तातली आण. आई म्हणाली, "कसली बी आण, पण माझ्या मिरच्यांची जागा सोड." उन्हाळा होता, आणि उन्हाळ्यात आमची गच्ची आईच्या नावावर असते. पापड, कुरडया, आणि सगळ्यात शेवटी सांडगी मिरची. मसाला भरून, दह्यात बुडवून, कडकडीत वाळवून ती वर्षभर पुरवायची, आणि जयसिंगपूरला डबा भरून पाठवायची, हा तिचा नेम.

दुकानदारानं दोन छत्र्या पुढ्यात ठेवल्या. एक परातीएवढी आणि एक गुऱ्हाळातल्या काहिलीची धाकटी बहीण शोभेल अशी.

"लहान घ्या सर. चित्र तेच येतंय," तो म्हणाला.

आता सांगा, कोल्हापुरात कुणी कुणाला 'लहान घ्या' म्हणतं काय? आमच्याकडं मिसळीवर कट मागताना माणूस हात आखडत नाही, मिशी ठेवली तर कानापर्यंत ठेवतो. आणि उद्या आत्ती गच्चीकडं मान वर करून बघणार. मी छाती पुढं काढून म्हणालो, "मोठी द्या."

"मोठी लई लाडाची असतीया. बोटभर हलली तरी रुसून बसती."

"भूगोल शिकवतो मी."

"मग काय इषयच संपला," म्हणून त्यानं मोठी बांधायला घेतली.

दुकानातल्या माणसानं ती येऊन बसवून दिली. आग्नेयेकडं तोंड, जराशी तिरकी, नट आवळून पक्की. चित्र असं लख्ख आलं की बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातल्या कुड्या मोजाव्यात. आण्णांनी त्याच्या हातात पेढा ठेवला. फक्त आई गच्चीच्या दारात उभी राहून बघत होती. निम्मी गच्ची छत्रीनं खाल्ली होती.

"सांगितलं होतं मी," एवढंच ती म्हणाली. तिथंच मला शहाणपण सुचायला पाहिजे होतं.

गुरुवारी आत्ती आली, दाजी आले, गल्लीतली माणसं आली. सतरंज्या अंथरल्या. आण्णा मधल्या खुर्चीत, इस्त्रीचा तोच सदरा घालून, म्हणजे टीव्हीतला आणि खुर्चीतला माणूस एकच आहे याबद्दल कुणाला शंका नको. वेळ होत आली तसा मी ऐटीत टीव्ही लावला.

पडदा निळा. त्यावर 'सिग्नल नाही' अशा अर्थाची इंग्रजी पाटी.

"काय दाखवायलेत हे?" आत्तीनं विचारलं.

"आभाळ," दाजी म्हणाले.

मी जिना तीन उड्यांत चढलो. वर बघतो तर छत्री अगदी सपाट, आभाळाकडं तोंड करून उताणी निजल्यासारखी. मधल्या दांड्यांना वळसा घालून तिच्यात पांढरं धोतर पसरलेलं, आणि धोतरावर शिस्तीत मांडलेल्या सांडग्या मिरच्या.

"आई!"

आई शांतपणे वर आली. "वरडू नगो. जागा तू खाल्लीस, मग मिरच्या काय डोक्यावर वाळवू? वाकडी बसली होती ती. मिरच्या घरंगळत होत्या. पाना घेतला आन् दुपारी सरळ केली."

"अगं, ती वाकडीच पाहिजे!"

"वाकडी वस्तू कोण मुद्दाम बसवतंय?"

भूगोल बाजूला ठेवून मी छत्रीखाली वाकून चाचपलं. "बरं, नट कुठाय?"

"तो गेला की पन्हाळीतनं खाली. गटारीत बघ."

खालून आण्णांचा आवाज आला, "अरं, सुरू झालं असंल!" तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. आमचे आण्णा उधळलेल्या म्हशीपुढं आडवे उभे राहतात, पण त्या हाकेत रडवेलेपण होतं. मी धोतर मिरच्यांसकट आईच्या पदरात लोटलं, छत्रीची कड दोन्ही हातांनी धरली आणि तिरकी केली. जिन्यात बायको उभी केली, तिला तिथनं टीव्ही दिसत होता.

"आलं का?"

"निळंच हाय."

मी छत्री पूर्ण आत्मविश्वासानं आग्नेयेकडं वळवली.

"आता?"

"निळंच की हो."

आई मिरच्या पोटाशी धरून म्हणाली, "तिकडं कुठं वळवतोस? पाटलांच्या टाकीकडं तोंड होतं तिचं. मीच फिरवली न्हवं?"

पाटलांच्या टाकीकडं वळवली. (आग्नेय तीच होती. मी जिकडं वळवली होती तिकडं शाळा होती.)

"आलं, आलं! मामंजी दिसले!" बायको ओरडली. खाली टाळ्या पडल्या. मी सुटकेचा श्वास टाकून हात काढला.

"गेलं!"

परत धरली. "आलं!" मग मी हललो नाही. नट गटारीत, तेव्हा नटाच्या जागी मी. पण हाताला मिरचीचा मसाला, कपाळाला घाम, आणि घाम पुसायला खांदा पुरेना. एकदाच, अगदी एकदाच मी मनगटानं डोळा पुसला. त्यानंतर मला छत्रीही दिसेना. दोन्ही डोळ्यांतनं धारा. "अगं, पाणी आण," म्हटलं तर बायको जिन्यातनं कधीच आत सटकली होती. आईसुद्धा मिरच्यांसकट खाली गेली.

खाली एकदम मोठा हशा उठला. गल्ली हसत होती, दाजी खोकत हसत होते, सगळ्यांवर आत्तीचा आवाज. मला बरं वाटलं. आण्णांनी काहीतरी झकास म्हटलेलं दिसतंय. छत्री मी आणखी घट्ट धरली.

कार्यक्रम संपला तशी आत्ती धापा टाकत वर आली. माझे लाल डोळे, वाहणारं नाक बघून ती जागीच थांबली आणि तिचेही डोळे भरले. "बापाचं कवतिक बघून रडतोयस व्हय रं," म्हणून तिनं मला जवळ घेतलं. "मी पण रडले. काय रुबाब होता रं माझ्या दादाचा! आता शेणाचं नाव काढलं तर जीभ झडू दे माझी." मी मसाल्याचे हात पाठीमागं लपवले. खाली गेलो तर आण्णा तिसरी भाकरी मोडत होते. त्यांच्याकडं बघून माझे डोळे परत वाहिले, त्यात मिरची किती होती ते मलाही सांगता येणार नाही.

"माझ्याबद्दल काय म्हणालात?" मी विचारलं.

आण्णांनी आणखी एक भाकरी पुढ्यात ओढली. बायकोला ठसका लागला. आई म्हणाली, "जेव आधी."

ते मला दुसऱ्या दिवशी हेडसरांकडून कळलं. स्टाफरूममध्ये शिरलो तर सगळे उभे राहिले. हेडसर म्हणाले, "वडिलांची मुलाखत फारच छान. मुलं काय करतात असं विचारलं त्यांना, तेव्हा तुमचं नाव घेतलं."

"हो ना. काय म्हणाले?"

"म्हणाले, थोरला भूगोलाचा मास्तर हाय, पोरांना दिशा शिकवतो. तो म्हस घेऊन निघाला तर म्हस घरी येत न्हाई. म्हस त्याला घेऊन निघाली, की दोघं नीट घरी येत्यात."

आणि हे वाक्य आत्तीला, दाजींना, समस्त मंगळवार पेठेला जराही न अडखळता ऐकू जावं म्हणून मी गच्चीवर, रडत रडत, मोठी छत्री दोन्ही हातांनी धरून उभा होतो.