तेलकट थेंबांचे सर

यवतमाळात असा एकही रस्सा शिजला नसेल, ज्याच्या तर्रीकडे आमच्या शेजारच्या सरांनी संशयानं पाहिलं नाही. सर फार्मसी कॉलेजात शिकवतात आणि गेली अकरा वर्षं फ्लूच्या डीएनए लसीसाठी चरबीचे थेंब बनवतात. थेंब डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे ते बनले की नाही हे आम्हाला सरांच्या शब्दावरच मानावं लागतं. पंगतीत लोक तर्री ओरपतात, सर ती चमच्यानं फोडत बसतात. दोन थेंब एकत्र आले की यांचा चेहरा पडतो. "पाहा, चिपकले!" असं ते एकदा इतक्या दुःखानं म्हणाले, की शेजारच्या पाहुण्यानं त्यांना पाणी पाजलं. कुणी सहज "काय चाललंय?" विचारलं तरी उत्तर तयार: "डीएनए उघडाच धाडला तं आंगात वाटेतच फस्त होते नं भाऊ! त्याले चरबीचं पांघरूण पाह्यजे." त्यामुळे गल्लीत आता त्यांना कोणी काही विचारत नाही. लस अजून उंदरांच्या पुढे गेलेली नाही. उंदरांची प्रकृती मात्र ठणठणीत आहे म्हणतात.

मागच्या मे महिन्यात कॉलेजचा फ्रीज बंद पडला. थेंब तीन महिने थंडीत न चिकटता राहतात का, ही परीक्षा चालू होती; पंधरा दिवस उरले होते आणि सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं. घरच्या फ्रीजमधून त्यांना बायकोनं केव्हाच हद्दपार केलेलं. म्हणून बर्फाच्या डब्यात बारा कुप्या घेऊन सर आमच्या दारात हजर. थंडाव्यावर त्यांनी अर्धा तास व्याख्यान दिलं. गोठवू नका, एवढंच सांगायचं राहिलं. आईनं मात्र व्याख्यान मन लावून ऐकलं. दोन वर्षांपूर्वी फ्लूनं तिला आठ दिवस दवाखान्यात पाडलं होतं, त्यामुळे लस तिच्या जिव्हाळ्याची. रात्री तिनं सगळ्या कुप्या उचलून फ्रीझरमध्ये ठेवल्या.

सकाळी कुप्या दगड झाल्या होत्या. वितळल्यावर आतलं सगळं नासक्या दुधासारखं फुटलेलं. "मले वाटलं, वरच्या खणात जास्त टिकन," आई रडवेली होऊन म्हणाली. सर कितीतरी वेळ कुपी उजेडात धरून उभे होते. मग तिच्याजवळ बसले.

"काकू, तुमचं नाही, माह्यं चुकलं. घाटंजीच्या पल्याडच्या खेड्यातल्या दवाखान्यातही कोनी मायेनं वरच्याच खणात ठेवन. तिथं फुटली तं लस काय कामाची?"

अकरा वर्षं मी या माणसाला हसत आलो. त्या सकाळी मला माझीच लाज वाटली.

आता गोठले तरी फुटू नयेत म्हणून सर थेंबांत साखर घालून ते मुद्दाम गोठवतात, वितळवतात, पुन्हा पहिल्यापासून. आई अठ्ठ्याहत्तरची आहे. कुंपणापाशी सर दिसले की विचारते, "झाली का लस? पहिली सुई मलेच द्याल." "तुमालेच, काकू," सर सांगतात, आणि दोघंही अगदी निश्चिंत असतात. या माणसानं जरा घाई करावी, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटतं.