नाव नसलेली चिठ्ठी

सुलू उजगरेच्या जिभेला हाड नाही, हे मीरा रोडच्या पेणकरपाड्यातल्या मांजरांनासुद्धा ठाऊक होतं. भायखळ्याची चाळ सोडून ती आणि तिचा नवरा बाबाजी इथल्या वन-रूम-किचनमध्ये राहायला आले, तेव्हा कपाट दुसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत सुलूने तळमजल्यावरच्या तीन सुनांची नावं, माहेरं आणि भांडणं गोळा करून आणली होती. बाबाजी म्हणाला, "अगं, आधी चुलीची जागा तरी बघ!" ती म्हणाली, "चूल कुठे पळून जातेय?"

सकाळी बालवाडी आणि दुपारी गॅलरी, असा तिचा दिनक्रम. नकला अशा करायची की ज्याने त्याने पोट धरून हसावं. सोसायटीचे सेक्रेटरी दत्ताराम कानावर पेन ठेवून पेन शोधतात ती, आणि चर्चचे पाळकसाहेब प्रवचनात अडले की खोकतात तीही. कुणाला राग येत नसे, कारण ज्याची नक्कल चाललेली असे तो तिथे हजर नसे.

मीरा रोडला एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन रविवारी मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासना भरायची, आणि बुधवारी चार वाजता भगिनी मंडळ, आळीपाळीने एकेकीच्या घरी. मंडळात एक रीत होती. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा फिरायचा. ज्याच्यासाठी प्रार्थना हवी असेल त्याबद्दल दोन ओळी लिहून चिठ्ठी डब्यात टाकायची. मग प्रत्येकीने एक चिठ्ठी उचलायची, मोठ्याने वाचायची आणि त्या माणसासाठी प्रार्थना करायची. अध्यक्षीण विमलाबाईंचा नियम कडक. चिठ्ठीवर लिहिणारीचंही नाव नको आणि ज्याच्यासाठी लिहिलंय त्याचंही नको. "प्रभूला पत्ता सापडतो, तुम्हाला कशाला हवा?"

नियम चांगलाच होता, पण सुलूच्या हाती पडला आणि त्याचा उखाणा झाला. "एका भावाकरिता, ज्याची बायको माहेरी गेली की ज्याचा रेडिओ मोठा होतो." "एका भगिनीकरिता, जी उपासाच्या दिवशीच मासळीबाजारात दिसते." बायका डोळे मिटून, माना खाली घालून बसायच्या आणि पदरात तोंड खुपसून हसायच्या. विमलाबाई दटावायच्या खऱ्या, पण एक डोळा त्यांचाही उघडा असायचा.

दोन हजार चार साली बी विंगमध्ये वैजयंता साळवे राहायला आली. मूळची जालन्याची, पस्तिशीची. नवरा सोडून गेलेला, सोबत दम्याने खंगलेली आई. रविवारी हॉलमध्ये अगदी शेवटच्या रांगेत बसायची आणि शेवटचं गीत संपायच्या आत निघून जायची. रोज दुपारी तीनला मात्र पावडर, लिपस्टिक लावून, चमचमती साडी नेसून गेटवर यायची, रिक्षात बसायची आणि काशीमीऱ्याला जायची. परत यायला साडेअकरा.

"काशीमीऱ्याला ट्रक आणि गॅरेजं आहेत," सुलू जिन्यात म्हणायची. "टायरला हवा भरायला लिपस्टिक कशाला गं लागते?"

जिना खदखदायचा.

सुलूची गॅलरी बरोब्बर गेटवर. तिने एक गोष्ट हेरून ठेवली होती. रिक्षात बसण्याआधी वैजयंता दोनदा मागे वळून बघते. कशाला बघते? कुणी पाहत तर नाही ना म्हणून. दुसरं काय असणार! माल हाताशी आला होता. मंडळाची पाळी तिच्याच घरी होती त्या बुधवारी तिने चिठ्ठी लिहिली, "एका भगिनीकरिता, जी रोज तीन वाजता नटूनथटून काशीमीऱ्याला जाते आणि रिक्षात बसण्याआधी दोनदा चोरून मागे बघते. प्रभूने तिला लाज द्यावी आणि सन्मार्ग दाखवावा." चिठ्ठी डब्यात टाकली आणि चहाचं आधण ठेवायला गेली.

आधणाला उकळी फुटते तोच दारातून आवाज आला, "जय ख्रिस्त. येऊ ना? माझी सुट्टी सोमवारची बदलून बुधवारची झाली."

वैजयंता. तोंडावर पावडर नाही, सुती साडी, हातात बायबल.

सुलू तशीच बाहेर धावली. "द्या तो डबा इकडे, नीट हलवते जरा."

"सुलू, प्रार्थनेच्या डब्यात चमचे फिरवू नकोस," विमलाबाईंनी डबा ओढून घेतला. "बस खाली."

डबा फिरला. एकीने भावाच्या नोकरीसाठी प्रार्थना केली, दुसरीने गुडघ्यांसाठी. वैजयंताने हात घातला, चिठ्ठी काढली, उलगडली आणि वाचायला लागली. 'काशीमीऱ्याला' या शब्दावर तिचा आवाज जरा थबकला, पण ती थांबली नाही. शेवटपर्यंत वाचलं, 'लाज द्यावी'सुद्धा. आज कुणाचाही पदर तोंडाकडे गेला नाही.

तिने डोळे मिटले.

"प्रभू, ही बहीण मीच आहे. तुला ठाऊकच आहे. हॉटेलच्या दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला हसून नमस्ते करायचं, हे माझं काम. वर परमिट रूम आहे. पिऊन खाली येणाऱ्यालाही हसावं लागतं. दुसरं काम शोधतेय, अजून मिळालं नाही. लाज मागितलीय माझ्यासाठी. ती आहे रे, आणखी नको देऊस. आणि जिने ही चिठ्ठी लिहिली तिला आशीर्वाद दे. इथे आल्यापासून माझ्यासाठी कुणी काही मागितलं नव्हतं. तिने मागितलं. आमेन."

"आमेन," बायका कशाबशा म्हणाल्या. चिठ्ठीची घडी घालून वैजयंताने ती बायबलमध्ये ठेवली, जपून. आत चहा उतू जाऊन गॅस विझला होता.

बुधवार ते रविवार सुलूच्या घरात एकही नक्कल झाली नाही. बाबाजीला वाटलं, हिला ताप आलाय. कपाळाला हात लावून पाहिला त्याने. रविवारी महिन्याचं प्रभुभोजन होतं. पाळकसाहेब म्हणाले, आधी ज्याने त्याने आपल्या मनात डोकावून घ्यावं, मगच भाकर घ्यावी, आणि खोकले. सुलूने डोकावलं. आत डोळे मिटून बसलेली वैजयंता दिसली. भाकरीचं ताट आलं तसं तिने ते काही न घेताच पुढे सरकवलं.

"काय झालं?" बाबाजी कुजबुजला.

"पोटात दुखतंय."

"सकाळी सहा घावन खाल्लेस, तेव्हा कुठे होतं पोट?"

मागच्या रांगेत बसणाऱ्या बाईला पुढचं सगळं ऐकू येतं. दुपारी अडीचला दार वाजलं. वैजयंता. कामावर निघालेली, चमचमती साडी, लिपस्टिक. हातात झाकलेलं पातेलं.

"पोट दुखत होतं ना सुलूताई? पेज आणलीय. वर लिंबाचं लोणचं आहे, गोडं."

सुलूने ती लिपस्टिक पहिल्यांदा जवळून पाहिली. एका कोपऱ्यात ओठाबाहेर गेलेली, घाईघाईत लावलेली. एवढ्यावर तिने वर्षभर जिना हसवला होता.

"वैजू, माझं पोट नाही दुखत," ती म्हणाली. "ती चिठ्ठी मी लिहिली."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"मी मागे वळून बघते, ते फक्त तुमच्या गॅलरीतून दिसतं." पातेलं ओट्यावर ठेवत वैजयंता म्हणाली. "आई खिडकीशी येऊन हात हलवते. पलंगावरून उठता आलं, म्हणजे आज श्वास बरा आहे. पहिल्यांदा कधी कधी पोचलेली नसते, म्हणून दुसऱ्यांदा बघते."

बी विंगची ती खिडकी सुलूच्या गॅलरीतून दिसत नाही.

"मग सगळ्यांसमोर मला आशीर्वाद कशाला मागितलास गं? नाव घ्यायचंस. चांगली झोडायचीस मला."

"मला वाटलं, लिहिताना एखादा क्षण तरी तुम्हाला माझी काळजी वाटली असेल." वैजयंताने तिच्याकडे पाहिलं. "नव्हती वाटली?"

सुलूने पातेल्यावरचं झाकण उचललं, पुन्हा नीट बसवलं. वैजयंताने घड्याळ पाहिलं. "येते. पेज गरम आहे तोवर घ्या." आणि गेली.

पुढच्या बुधवारी मंडळ विमलाबाईंकडे होतं. एक चिठ्ठी त्यांनीच उचलली, चष्मा लावला. "सुलू उजगरे, ए विंग, दुसरा मजला. जिभेसाठी."

बायका खो खो हसत सुटल्या. "नाव घातलंन गं! नियम मोडलान सुलूने! आता स्वतःचीच नक्कल?"

"हसू नका," सुलू उठून उभी राहिली. जन्मभर हसवल्याची ती शिक्षा होती, कुणाला खरंच वाटेना. "हसू नका गं. गेल्या बुधवारची चिठ्ठी माझी होती. रेडिओची माझी, मासळीची माझी. मी कुणासाठीही प्रार्थना मागितली नव्हती. तुम्हाला हसवत होते."

हसू थांबलं. विमलाबाईंनी मान खाली घातली. हसणाऱ्यांत एक डोळा त्यांचा होता. त्यांनी डब्याला झाकण लावलं. बाकीच्या चिठ्ठ्या त्या दिवशी कुणी उचलल्या नाहीत. चटईवर वैजयंता थोडी सरकली, एका माणसापुरती जागा झाली. सुलू तिथे बसली, पण तिच्याकडे बघायचं काही तिला जमलं नाही.

सुलूने नकला सोडल्या म्हणाल तर नाही. दत्तारामांचं पेन अजून अधूनमधून हरवतं, पण आता त्यांच्यासमोर, आणि तेही हसतात. गॅलरीतही ती असते, तीन वाजता, कपडे वाळत घालायच्या निमित्ताने. वैजयंता गेटवर येते. एकदा मागे वळून आईच्या खिडकीकडे बघते. आई दिसली की मग दुसऱ्यांदा वर, ए विंगकडे बघते आणि हात हलवते.

सुलूला तो हात अजून नीट घेता येत नाही. ती ओला टॉवेल झटकत राहते, रिक्षा वळेपर्यंत.